कंपनीची गावपळण

आमच्या मांगरात आधी गुरं होती, मग सुकी मासळी आणि मग कंपनी. मांगर म्हणजे घरामागे गुरांसाठी आणि अडगळीसाठी बांधलेली कौलारू जागा. शेवटची म्हैस विकली तेव्हापासून मी तिथे सुके बांगडे ठेवत होते. सून पुण्याची नोकरी सोडून गावी राहायला आली, आठ दिवस मांगराभोवती फिरली आणि नवव्या दिवशी म्हणाली, "आई, मला मांगर हवाय."

"कित्याक?"

"कंपनी काढायची आहे. सॉफ्टवेअरची."

"किती जागा लागतली?"

"दोन टेबलं आणि एक कपाट."

"मगे कंपनी कशी? टपरी म्हण."

ती घाटावरची. तिला टोमणा त्याच दिवशी लागत नाही, दुसऱ्या दिवशी लागतो. तोवर तिने माझे बांगडे पडवीत आणून ठेवले होते आणि मांगर दोनदा फिनेलने धुतला होता. वास गेला नाही तो नाहीच.

मुलगा माझा बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. तो फोनवर म्हणाला, "दोन वर्षं करून बघू दे. नाहीच जमलं तर ती परत पुण्याला नोकरी धरील." म्हणजे दोन वर्षांनी मांगर मला परत मिळणार होता. मी दिवस मोजत नव्हते, पण कॅलेंडर बघत होते.

कंपनीत माणसं दोन. एक सून. दुसरा माझ्या दिराचा मुलगा, तिशीचा, आधी मालवणात कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. कपाटात एक मोठा कॉम्प्युटर ठेवला होता, त्याला ती दोघं सर्व्हर म्हणत. तो दिवसरात्र चालू असायचा. त्याचे तीन हिरवे दिवे लुकलुकायचे, आणि लाईट गेली तरी बंद पडू नये म्हणून खाली इन्व्हर्टर होता.

महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की या कंपनीत विकत घेतलेलं असं जवळजवळ काही नाही. लिहायचा प्रोग्रॅम फुकट, तक्ते करायचा फुकट. माहिती साठवायचा, म्हणजे ज्याच्या पोटात गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, तारखा राहतात तो, तोही फुकट. कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर सीड्या यायच्या, त्यात हे सगळं भरलेलं असायचं. पुतण्या कणकवलीच्या स्टॅंडवरून ते मासिक आणायचा आणि मासिक न वाचता सीडी काढून घ्यायचा.

मी म्हटलं, "फुकट मिळता ती मासळी शिळी आसता."

सून म्हणाली, "ही शिळी नाही आई. जगातली माणसं बसून रोज ती ताजी करतात."

"तेंका दुसरो धंदो नाय?"

"आहे. तो करून हे करतात."

हे मला खरं वाटलं नाही. मग तिने दाखवलं. काही अडलं की ती कॉम्प्युटरवर प्रश्न लिहायची आणि तासाभरात उत्तर यायचं. कुणी ब्राझीलचा, कुणी पोलंडचा. ना ओळख, ना नातं. एकदा तर एकाने तिला चांगलंच झापलं, की हा प्रश्न याआधी चार जणांनी विचारलाय, आधी शोधायचं मग विचारायचं. सून हिरमुसली. मला तो माणूस आवडला. असा एक माणूस प्रत्येक वाडीत लागतो.

दुसरा एक प्रोग्रॅम होता तो मला सगळ्यांत जास्त पटला. त्यात आधी लिहिलेलं काही पुसलं जात नसे. कुणी काय बदललं, कुठल्या दिवशी, किती वाजता, ते नावासकट राहायचं. दोघांचं भांडण लागलं की सून तो उघडून बघायची आणि पुतण्या गप्प व्हायचा.

"बघ," मी त्याला म्हटलं, "असलो प्रोग्रॅम तुझ्या आजयेकडे होतो. डोक्यात. तुझ्या बापाशीन सातवेत असताना काय केल्यान तां मरेपर्यंत सांगी होती."

कॅलेंडरही एक होतं, दोघांचं मिळून. एकाने त्यात काम लिहिलं की दुसऱ्याला दिसायचं. त्यात जगातल्या सगळ्या सुट्ट्या होत्या, पण एकादशी कधी ते नव्हतं. मी भिंतीवर आपलं छापील कॅलेंडर टांगलं. ते मांगरातलं पहिलं विकतचं सामान.

मला काम काय, तर चुका काढायच्या. सुनेनेच सुचवलं. ती म्हणाली, "आई, तुम्हाला कॉम्प्युटर येत नाही म्हणूनच तुम्ही हव्यात. तुम्हाला जमलं तर कुणालाही जमेल." यात टोमणा होता, तो मला त्याच दिवशी लागला. पण काम माझ्या आवडीचं होतं. चुका लिहायचाही त्यांचा एक फुकटचा प्रोग्रॅम होता. एक ओळ लिहायची, पुढे 'बाकी' असं यायचं. चूक दुरुस्त झाली की 'झाली'. मी एका बोटाने लिहायचे. 'अक्षर बारीक.' 'पुढे जा म्हणून दाबलं तर मागे गेलं.' 'ह्याचा उपयोग काय ते कळलं नाही.' चौथी शिकलेल्या बाईला चूक काढायला एवढं पुरतं. पहिल्या महिन्यात माझ्या साठ चुका 'बाकी' होत्या. पुतण्या म्हणाला, "काकी, जरा दमान घेया. ग्राहक पण इतक्यो काढूचो नाय."

"म्हणान तर तो मिळाक नाय अजून," मी म्हटलं.

आणखी एक काम होतं. साबणाच्या डबीएवढी एक काळी डिस्क होती. रोज तिन्हीसांजेला सून सर्व्हरमधलं सगळं त्या डबीत उतरवून घ्यायची आणि डबी मला द्यायची. तिचं म्हणणं, नक्कल मूळ वस्तूच्या शेजारी ठेवायची नाही. मांगराला आग लागली तर दोन्ही जातील. मग मी ती घरात, माझ्या सोन्याच्या पितळी पेटीत ठेवायचे. सोनं म्हणजे काय, एक पोत आणि चार बांगड्या. देवाजवळ दिवा लावला की डबी मागायची, हा माझा नेम झाला. तिला कधी उशीर झाला तर मी दारात जाऊन उभी राहायचे.

जुन्या झालेल्या सीड्या पुतण्या फेकून देत होता, त्या मी घेतल्या. दोरीत ओवून सुकत घातलेल्या बांगड्यांवर टांगल्या. उन्हात त्या चमकल्या की कावळा पुढे येत नाही. त्यांच्या सगळ्या सामानात माझ्या कामाचं एवढं एकच निघालं.

दोन वर्षं संपत आली तेव्हा एक खरं गिऱ्हाईक मिळालं. देवगडचा आंब्याचा व्यापारी. कुठल्या बागेतल्या, किती डझनी, किती पेट्या मुंबईत कुणाला कधी पाठवायच्या, हे सगळं तो आणि त्याचा मुनीम डोक्यात ठेवत. आदल्या वर्षी दोघांच्या डोक्यांनी त्याच पेट्या दोघांना कबूल केल्या होत्या. त्याला प्रोग्रॅम हवा होता. एका मंगळवारी तो येऊन बघणार होता, आणि संध्याकाळी तळेऱ्याला मुंबईची बस धरून हंगामाची बोलणी करायला जाणार होता. पसंत पडला तर काम यांचं. नाहीतर कोल्हापूरच्या एका मोठ्या कंपनीचं. सुनेने सरळ सांगितलं, "हे नाही मिळालं तर मी शिमग्यानंतर पुण्याला जाणार. माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही."

ती रडवेली वगैरे झाली नाही. भात वाढून घेत म्हणाली. मी आमटी वाढली.

आणि त्याच आठवड्यात देवाने गावपळणीचा कौल दिला.

आमचं गाव आचऱ्याच्या बाजूचं. या बाजूच्या काही गावांत दर तीन-चार वर्षांनी सगळं गाव उठून तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. देवाच्या पाषाणाला पाकळी लावतात, ती उजवीकडून पडली की होकार. मग दिवस ठरतो. त्या दिवशी देवळातली नौबत झाली की गावात चूल पेटती ठेवायची नाही, दिवा जळता ठेवायचा नाही, जीव मागे ठेवायचा नाही. वेशीबाहेर झावळ्यांच्या झोपड्या घालून राहायचं. तीन दिवसांनी पुन्हा कौल. देव ये म्हणाला तर परत यायचं, नाही म्हणाला तर आणखी एक दिवस. तोवर गावात पाऊल नाही. असं का, ते लहानपणी मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, "गावाक पण रजा होयी."

रविवारी दुपारी निघायचं ठरलं. म्हणजे मंगळवार बरोबर मधे आला.

"तुमच्या त्या कॅलेंडरात दिसला नाय?" मी पुतण्याला विचारलं.

"देवान आपला नाव घालूक नाय तेच्यात," तो म्हणाला.

सुनेने व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "माझो दिवस बदलणा नाय. वेशीभायर तर वेशीभायर. मी थंय येतंय." मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला.

पण त्या दोघांनी आणखी काही ठरवलं होतं, ते मला सांगितलं नव्हतं. सर्व्हर मांगरात चालूच ठेवायचा आणि झोपडीत बसून, लॅपटॉपला मोबाईल जोडून, इंटरनेटवरून त्याच्यापर्यंत पोचायचं. मला सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. म्हणून सांगितलं नाही. तेही बरोबरच.

रविवारी नौबत झाली. ती दोघं सामान घेऊन पुढे गेली. घराबाहेर शेवटी पडायचं ते घरातल्या थोरल्या बाईने, हा आमच्या घरचा रिवाज. मी चूल विझवली, वर पाणी शिंपडलं. देवघरातला दिवा शांत केला. पाटाखाली मांजर शोधलं, ते टोपलीत घातलं. घराचा मेन स्विच खाली केला. मग मांगरात डोकावले, तर कपाटात तीन हिरवे दिवे जळत होते.

मांगराचा मेन स्विच वेगळा. त्यावर कागद चिकटवला होता. सुनेचं अक्षर, मोठं, माझ्यासाठीच काढलेलं: 'कृपया हा स्विच बंद करू नये.' मी वाचला. कृपया लिहिलं म्हणून रिवाज बदलत नाही. गावात दिवा जळता ठेवायचा नाही म्हणजे नाही. स्विच खाली केला. दिवे गेले नाहीत. उलट इन्व्हर्टर पीं-पीं करायला लागला. मांजर मागे राहिलं की असंच ओरडतं. त्याचंही बटण शोधून दाबलं आणि तो गप्प होईपर्यंत दाबून धरलं. मला वाटलं, गुरांसारखा तोही तीन दिवस झोपेल, परत आल्यावर उठेल. सोन्याची पेटी कमरेला बांधली, मांजराची टोपली डोक्यावर घेतली, सुक्या बांगड्यांची दोरी सीड्यांसकट खांद्यावर टाकली आणि निघाले.

सोमवारी सकाळी आमची झोपडी म्हणजे कंपनी झाली होती. खोक्यावर लॅपटॉप, बाजूला मोबाईल. सून आणि पुतण्या दोघं त्याच्याकडे बघत होती. शेजारच्या झोपडीत पत्त्यांचा डाव रंगला होता.

"लागत नाय," पुतण्या म्हणाला.

"लाईट गेली असेल गावात," सून म्हणाली. "इन्व्हर्टर संपला असेल. येईल परत."

मी माशांना मीठ लावत होते. लाईट येऊन उपयोग नव्हता हे आम्हा तिघांत, म्हणजे लॅपटॉप धरून चौघांत, फक्त मला माहीत होतं.

मी तेव्हाच का बोलले नाही, ते सांगते. एक तर ओरडा खायची मला सवय नाही, द्यायची आहे. आणि दुसरं म्हणजे मनात आलं, की गप्प बसले तर शिमग्यानंतर मांगर आपला. बांगडे परत जागेवर. खोटं कशाला लिहू, हे मनात आलं आणि मिठाचे दोन हात लावून होईपर्यंत राहिलं.

दहा वाजले, अकरा वाजले. बाराच्या सुमाराला सून उठली, चपला घातल्या.

"खंय चललंस?"

"मांगरात. पाच मिनिटं लागतील. कुणी बघणार नाही."

शेजारच्या झोपडीतला पत्त्यांचा डाव थांबला. गावपळणीत वेशीत पाऊल टाकणारं माणूस आजवर मी पाहिलेलं नाही. ती घाटावरची, तिला देवाची भीती नव्हती, आणि ती खरंच गेली असती. मग पुढची वीस वर्षं गावात काहीही झालं, गाय आटली, बोट बुडाली, तरी बोट तिच्याकडे झालं असतं. तिला पुण्याला जावं लागलंच असतं, काम मिळो न मिळो.

"बस खाली," मी म्हटलं. "लाईट जावक नाय. मेन स्विच मी खाली केलंय."

तिने माझ्याकडे बघितलं. "मी कागद लावला होता."

"वाचलंय."

"वाचलात आणि बंद केलात?"

"वाचलंय आणि बंद केलंय. आणि तो खालचो ओरडत होतो, तेका पण."

पुतण्या झोपडीच्या खांबाला धरून हसायला लागला. सून हसली नाही. चपला काढून दुसऱ्या खोक्यावर बसली. तिने आरडाओरड केली असती तर मी उत्तर दिलं असतं.

"किती गेला?" मी पुतण्याला विचारलं.

तो बोटं मोजायला लागला. प्रोग्रॅम त्यांनी लिहिलेला, तो दोघांच्या लॅपटॉपवर होता. तो काहीच न पुसणारा प्रोग्रॅम प्रत्येकाकडे एक प्रत ठेवायला लावतो. ते वाचलं. पण व्यापाऱ्याने आधीच देऊन ठेवलेली माहिती, म्हणजे बागा, पेट्या, मुंबईची गिऱ्हाइकं, ती सगळी सर्व्हरवर. आणि ती ज्याच्या पोटात ठेवायची तो फुकटचा प्रोग्रॅम, तोही सर्व्हरवरच. तो लॅपटॉपवर घालायचा तर इंटरनेटवरून उतरवावा लागणार, आणि मोबाईलवरून तो उतरायला चार दिवस लागणार.

"माहिती माझ्याकडे आसा," मी म्हटलं.

कमरेची पेटी सोडली. पोत बाजूला केली, बांगड्या बाजूला केल्या, आणि डबी काढून दिली. शनिवारच्या तिन्हीसांजेला मी ती मागूनच घेतली होती. निघायच्या गडबडीत सून विसरली होती. मी दारात उभी राहिले होते.

सुनेने डबी हातात घेतली. "आई, तुम्ही ही इथे आणलीत?"

"सोना कोण घरात ठेवता?"

"पण प्रोग्रॅम नाय तर ही डबी पण कोणाक दाखवतलंव?" पुतण्या म्हणाला. आणि बोलता बोलता तो वर बघायला लागला. वर माझी दोरी होती. बांगडे, आणि बांगड्यांच्या मधून मासिकाच्या सीड्या वाऱ्यावर फिरत होत्या.

"काकी," तो म्हणाला, "ह्यो सीड्यो खंयच्यो?"

"तूच फेकलेलंस."

त्याने दोरी उतरवली. नऊ सीड्या होत्या. दोन पार ओरखडलेल्या. एका सीडीत नुसते खेळ. एकीत काय होतं ते शोधायची गरज पडली नाही, ती मधोमध चिरलेली होती. उरलेल्या पाच त्याने लुंगीला पुसल्या, मग सुनेने साबणाने धुतल्या, आणि मी म्हटलं की खोबरेल लावून बघा, ते त्यांनी ऐकलं नाही. झोपडीत वीज नव्हती. वेशीपलीकडे शेजारच्या गावाची भाताची गिरण होती, तिथे विजेचा बोर्ड होता. आम्ही तिघं तिथे गेलो. त्यांना काम होतं म्हणून ती गेली. पेटीत माझं सोनं होतं आणि डबी परत पेटीत ठेवली होती, म्हणून मी गेले.

गिरणवाला म्हणाला, "काय गो, ह्या काय दळूक आणलंस?"

"आंबे," मी म्हटलं.

पहिली सीडी घातली, लॅपटॉप घरघरला आणि ती बाहेर ढकलली. दुसरीही तशीच. तिसरी आत राहिली. पुतण्याने हात जोडले. मी म्हटलं, आधी बघ, मग जोड. दोन वर्षांपूर्वीची होती, पण तीच निघाली. विकत घेतलेला प्रोग्रॅम असता तर त्याची किल्ली, म्हणजे तो चालू करायचा नंबर, मांगरात राहिली असती आणि आम्ही गिरणीत भुसा खात बसलो असतो. फुकटच्याला किल्ली नाही. ज्याच्या हाती सीडी, त्याचा प्रोग्रॅम.

दिवस मावळायच्या आत डबीतली माहिती लॅपटॉपवर आली. रविवारी सकाळी सुनेने केलेलं थोडं काम तेवढं गेलं होतं, ते तिने तिथेच पोत्यावर बसून परत केलं. केसांत गिरणीतला कोंडा. परत येताना ती म्हणाली, "मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतंस तर मी नाय म्हटलं असतं."

"माहीत आहे."

"मगे काय उपयोग," मी म्हटलं. त्यावर ती हसली. टोमणा त्याच दिवशी लागायला लागला होता.

मंगळवारी अकराला व्यापारी आला. पांढरा शर्ट, हातात मुंबईची बॅग. दोन्हीकडे झोपड्या, बांधलेली गुरं, भजनाची पेटी. तो वाट काढत आमच्यापर्यंत आला.

"काकीनू, ऑफिस खंय?"

"तू उभो आसस थंयच."

त्याला खोक्यावर बसवलं. सुनेने दाखवायला घेतलं. बागेचं नाव घाला, पेट्या घाला, गिऱ्हाईक निवडा, तारीख. तो एकेक नाव घालून बघत होता, आणि त्याच पेट्या दुसऱ्याला द्यायला गेला तेव्हा प्रोग्रॅमने त्याला अडवलं. "ह्या बरा," तो म्हणाला. "माझो मुनीम असो अडवणा नाय."

तेवढ्यात शेजाऱ्यांची कोंबडी आली, खोक्यावर चढली आणि लॅपटॉपवरून सरळ पलीकडे गेली. पडद्यावर एका बागेच्या नावावर कोटींच्या आकड्यात पेट्या लागल्या. अख्ख्या देवगडात तेवढे आंबे होत नाहीत.

सुनेचा चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. तिने प्रोग्रॅमचं दुसरं पान उघडलं. काय बदललं, किती वाजता, कुणाच्या नावाने. एक बटण दाबलं, आकडा होता तसा झाला. बदलाची नोंद मात्र खाली राहिली. तो काहीच न पुसणारा प्रोग्रॅम बघून यांनी आपल्या प्रोग्रॅमलाही तीच खोड लावली होती.

व्यापारी वाकून बघायला लागला. "म्हणजे माझ्या माणसान काय चुकीचा घातल्यान तर माका कळतला?"

"नावासकट."

"पण कोंबयेचा नाव खंय आसा हयसर?"

"तिचं नाही येत," सून म्हणाली. "माझं आलंय."

तो हसला. मग हसू आवरून, ज्यासाठी आला होता ते विचारलं. "आणि मी मुंबयत आसताना तुमचा मांगरातला मशीन बंद पडला तर? कोल्हापूरवाले म्हणतत, आमचा कधी बंद पडणा नाय."

सून माझ्याकडे बघायला लागली. पुतण्या झावळ्या मोजायला लागला.

"बंदच आसा," मी म्हटलं. "परवाच्यापास्ना. मीच बंद केलंय."

"मगे ह्या चलता कशार?"

सुनेने सांगितलं. प्रोग्रॅम आमच्या दोघांच्या लॅपटॉपवर असतो. तुमची माहिती रोज वेगळ्या डबीत उतरते. बाकीचं सामान सगळं खुलं आहे, कुठल्याही मशीनवर घालता येतं. मांगरातलं मशीन काल सकाळी हाताशी नव्हतं, संध्याकाळपर्यंत हे उभं राहिलं, आणि तेही शेजारच्या गिरणीत बसून. तिने काही लपवलं नाही. सीडी कुठून आली तेही सांगितलं. मला वाटलं ते सांगायला नको होतं, पण तिची तीच रीत.

"डबी दाखवा," तो म्हणाला.

मी पेटी उघडली. तो आत बघत राहिला. "माझी गिरायकां तुमच्या सोन्यावांगडा?"

"सोना वर्षातून एकदा बघतंय," मी म्हटलं. "डबी रोज."

"पण कोल्हापूरवाले..."

"तेंचा कधी बंद पडूक नाय ना? मगे परत कसा चालू होता तां तेंका तरी खंय ठावक."

जेवायची वेळ झाली होती, मी बांगड्याची आमटी आणि भात वाढला. जेवून त्याने हात धुतले, बॅग उचलली आणि जाता जाता सुनेला म्हणाला, "शिमग्याआधी येवन माझ्या दोन माणसांका शिकवा. आणि कोंबी घालू नका."

तळेऱ्याची वाट धरून तो गेला तेव्हा पुतण्याने शेजारच्या झोपडीतली ती कोंबडी उचलली आणि तिला तांदूळ घातले. सून खोक्यावर बसून भात खात होती. तिने तिसऱ्यांदा मागून घेतला.

बुधवारी देवाने कौल दिला नाही. पाकळी डावीकडून पडली. आणखी एक दिवस. गाव खूश होतं, पत्त्यांचा डाव अर्धा राहिला होता.

गुरुवारी परत आलो. मांगराच्या स्विचवर तो कागद तसाच होता. सून म्हणाली, "आई, तुम्हीच चालू करा." मी केला. इन्व्हर्टर एकदा ओरडला. हळूहळू तीन हिरवे दिवे आले. तिने जुना कागद काढला आणि नवा लावला: 'बंद करण्याआधी विचारावे.' हा कागद बरोबर होता. विचारायला काही हरकत नव्हती, विचारून बंदही करता आला असता.

कंपनीत कुठली वस्तू कुठे आहे त्याची यादी भिंतीवर होती. पुतण्याने तिच्या खाली तीन ओळी वाढवल्या. डबी: काकीची पेटी. सीडी: काकीची दोरी. मेन स्विच: काकी.

मुलाचा बोटीवरून फोन आला तेव्हा सून म्हणाली, "आई कंपनीत खूप मदत करतात." ती खोटं बोलत नाही, पण हे ती ज्या सुरात बोलली तो मला ऐकू आला. पुण्याचं नाव मग कुणी काढलं नाही. मांगर मला मिळाला नाही. बांगडे पडवीतच सुकतात.

कामाला आलेली ती सीडी त्यांनी कपाटात जपून ठेवली, त्यामुळे माझ्या दोरीवर एक जागा रिकामी झाली आणि कावळ्यांनी ती बरोबर ओळखली. मी कॉम्प्युटरवर बसून एका बोटाने चूक लिहिली: 'एक सीडी कमी आहे. बांगडे जातात.' पुढे 'बाकी' असं आलं. मी अधूनमधून उघडून बघते. अजून 'बाकी'च आहे.